पुण्याची सीट की फर्मागुडीची?

शिक्षण-सल्ला : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

बारावीचा निकाल लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. ‘कोणती शाखा घ्यावी’ मागे पडतं आणि ‘एवढे पैसे घालावेत का’ पुढे येतं. या खेपेला तशीच पाच पत्रं घेतली आहेत. नावं गाळली आहेत. आकडे पत्रलेखकांनी कळवले तसेच ठेवले आहेत.

प्रश्न : मुलीला पुण्याच्या एका खासगी विद्यापीठात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळतंय. फी वर्षाला ३,६०,००० रुपये, हॉस्टेल आणि मेस १,४०,०००. म्हणजे चार वर्षांचे वीस लाख. फर्मागुडीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन मिळतंय. घरून ये-जा केली तर सगळं मिळून चार लाखांच्या आत भागेल. माझा हातात येणारा पगार ४२,०००, पत्नी अंगणवाडी सेविका. आठ लाखांची ठेव आहे. धाकटा नववीत. मुलीने दोन वर्षांपासून पुण्याचंच मनात धरलंय. कर्ज काढावं का?
— एक पालक, होंडा, सत्तरी

उत्तर : आधी वीस लाखांचा आकडा दुरुस्त करू. खासगी विद्यापीठाची फी चारही वर्षं तीच राहील, असं त्यांच्या पत्रकात लिहिलेलं नसेल तर ती वाढते असंच धरा. दरसाल ८ टक्के वाढ धरली तर फीचेच १६ लाख २२ हजार होतात आणि हॉस्टेल-मेसचे ६ लाख ३१ हजार. त्यावर लॅपटॉप, अनामत रक्कम, परीक्षा शुल्क, चवथीला, दिवाळीला आणि सेमिस्टर संपल्यावर घरी येण्याजाण्याचं भाडं, मेस बंद असते तेव्हाचं बाहेरचं जेवण. सगळं मिळून २४ लाख. तुमची ठेव पूर्ण मोडली तरी १६ लाखांचं कर्ज उरतं.

आता ते कर्ज कसं वाढतं ते पाहा. शैक्षणिक कर्जात अभ्यासक्रमाची वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, व्याज मात्र पहिली रक्कम उचलल्या दिवसापासून चालू असतं. दरवर्षी चार लाख उचलले आणि दर १० टक्के धरला, तर पहिल्या वर्षीच्या चार लाखांवर पाच वर्षांचं, दुसऱ्या वर्षीच्या चार लाखांवर चार वर्षांचं, असं सरळव्याज जमत जाऊन ५ लाख ६० हजार होतं. हप्ता सुरू होतो तो १६ लाखांवर नव्हे, २१ लाख ६० हजारांवर. दहा वर्षांत फेडायचं तर महिना साधारण २८,५०० रुपये, एकूण ३४ लाखांच्या वर. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता २३,२०० वर येतो, पण एकूण भरणा जवळजवळ ४२ लाख होतो. शिकत असतानाच व्याज भरत राहिलात (पहिल्या वर्षी महिना ३,३०० च्या आसपास, चौथ्या वर्षी १३,३००) तर दहा वर्षांच्या फेडीत सव्वातीन लाख वाचतात. मात्र तुमच्या पगारातून चौथ्या वर्षी १३,३०० काढायचे आणि त्याच सुमारास धाकट्याची बारावी यायची, हे गणित तुम्हीच मांडून पाहा.

‘पॅकेज चांगलं मिळेल’ हे इथलं नेहमीचं उत्तर. वर्षाला सहा लाखांचं पॅकेज म्हणजे महिना पन्नास हजार नव्हेत. कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा आणि ग्रॅच्युइटी त्याच सहा लाखांत धरलेली असते. मुलीच्या हातात चाळीस-बेचाळीस हजार येतील, त्यातले साडेअठ्ठावीस हजार हप्त्याला. उरलेल्या बारा-तेरा हजारांत पुण्यात किंवा बंगळूरमध्ये खोलीभाडं आणि जेवण भागत नाही. मग हप्ता वडिलांच्याच खात्यातून जातो. हे बहुतेक घरांत घडतं आणि प्रवेशाच्या वेळी कोणी बोलत नाही.

कर्ज मिळणंही सोपं नाही. सर्वसाधारण शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळतं. त्यापुढे बँक घर-जमीन मागते. गोव्यात नेमकी इथेच गाडी अडते. राहतं घर आजोबांच्या नावावर, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर सात नावं, त्यातली दोन मुंबईला आणि एक वारलेलं. वारसांची वाटणी कोर्टातल्या इन्व्हेंटरी प्रक्रियेतून झालेली नसेल तर बँकेचा वकील ते घर तारण म्हणून घेत नाही. घर मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जागेत घर करून राहणाऱ्याचं) असून जागा अजून भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, नावावर असेल तरीही तेच. आणि घर स्पष्टपणे तुमच्या नावावर असलं तरी गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर, मालमत्ता नवरा-बायको दोघांची असते. गहाणखतावर पत्नीची सही लागतेच. इन्व्हेंटरी प्रवेशाच्या मुदतीत होणारं काम नव्हे. तेव्हा ‘घर आहे की’ यावर विसंबून पुण्याला पैसे भरू नका. आधी कागद घेऊन बँकेत जा.

तारणाशिवायची एक वाट आहे. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना. त्यात ठरावीक दर्जाच्या संस्थांची यादी आहे. त्यातल्या संस्थेत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला तर कर्ज तारण आणि जामिनाशिवाय मिळतं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ता सुरू होईपर्यंत, व्याजात ३ टक्के सवलतही आहे. तुम्ही उत्पन्नात बसता. पण ही सवलत वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांपुरती आहे आणि अग्रक्रम सरकारी संस्थांतल्या मुलांना आहे. तेव्हा ती मिळाली तर आनंद, तिच्या भरवशावर हिशेब नको. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश असेल तर ही योजना लागूच होत नाही. राज्याच्या पातळीवर गोवा शैक्षणिक विकास महामंडळाची बिनव्याजी कर्ज योजना आहे. त्यात कमाल रक्कम ठरलेली असते, २४ लाखांचा खड्डा ती भरत नाही; पण जेवढे पैसे तिथून येतील तेवढ्यांवरचं व्याज वाचतं. अर्जाला मामलेदार कचेरीचा रहिवासी दाखला आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. हे दोन्ही निकालाच्या आधीच काढून ठेवावेत, कारण जूनमध्ये अख्खा तालुका त्याच रांगेत असतो.

आता मुलीच्या बाजूने. जास्तीचे वीस लाख नेमके कशासाठी जातात, हे तिला स्वतःलाच शोधू द्या. त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर एनआयआरएफचा विभाग असतो; राष्ट्रीय क्रमवारीसाठी संस्थेने भरून दिलेली माहिती तिथे ठेवावी लागते. त्यात तीन वर्षांचा तक्ता असतो : प्रवेश किती, वेळेत उत्तीर्ण किती, नोकरी किती जणांना, मधला पगार (सगळे पगार क्रमाने लावले तर मधोमध येणारा) किती, पुढच्या शिक्षणाला किती गेले. जाहिरातीतलं ‘९५ टक्के प्लेसमेंट’ आणि हा तक्ता शेजारी ठेवा. समजा १,२०० मुलांनी प्रवेश घेतला, १,०१० वेळेत पास झाले आणि ५४० ना नोकरी लागली. जाहिरातीत ५४० ला भागतात ते प्लेसमेंटसाठी नाव नोंदवलेल्या, पात्र ठरलेल्या मुलांच्या संख्येने. तुम्ही भागा १,२०० ने. ४५ टक्के येतात. सरासरी पगार पाहू नका, मधला पाहा. चाळीस लाखांची एक ऑफर सरासरी वर ओढते, मधल्या आकड्याला धक्का लावत नाही. हाच तक्ता फर्मागुडीचाही मागा. सरकारी म्हणून त्याला सूट नाही.

दर्जा तपासणाऱ्या दोन राष्ट्रीय यंत्रणांपैकी नॅकची श्रेणी संस्थेला असते, एनबीएची मान्यता शाखेला. कॉम्प्युटर शाखेला एनबीए आहे का, आणि मुलगी पास होईल त्या वर्षापर्यंत तिचं नूतनीकरण व्हायचं आहे का, एवढं विचारा. एका वर्षी कॉम्प्युटरच्या किती तुकड्या घेतात हेही. एका वर्गाच्या आठ तुकड्या असतील तर प्राध्यापक कुठून आणले, हा पुढचा प्रश्न आपोआप येतो.

शाखेबद्दल आमचं मत स्पष्ट आहे : कॉम्प्युटरच्या नावासाठी वीस लाख जास्त मोजू नयेत. इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉममध्ये प्रोग्रॅमिंग, डिजिटल सर्किट, मायक्रोकंट्रोलर हे सगळं येतं. डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम तिने दुसऱ्या वर्षापासून स्वतः धरले तर सॉफ्टवेअर कंपन्यांच्या लेखी परीक्षेला ती बसू शकते, त्यातल्या बऱ्याच कंपन्या शाखा पाहत नाहीत. पण एक अट. तिसऱ्या सेमिस्टरच्या सुमारास नेटवर्क थिअरी, सिग्नल्स अँड सिस्टिम्स हे विषय येतात. बारावीचं गणित तिला जड गेलं असेल आणि सर्किट डोळ्यांसमोर नको असेल तर ती तिथे अडकेल. नावडत्या शाखेत दोन विषय मागे ठेवून बसलेल्या मुलीला स्वस्त सीटसुद्धा महाग पडते. तिला त्या दोन विषयांचा अभ्यासक्रम आणि मागची एक-एक प्रश्नपत्रिका आत्ताच दाखवा.

आणि ती खरोखरच अडणार असेल, तर पुण्याच्या आधी वेर्णा, फातोर्डा आणि आसगाव आहे. गोव्यातल्या खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांत कॉम्प्युटर मिळतंय का ते प्रवेशाच्या दुसऱ्या फेरीपर्यंत बघत राहा. या महाविद्यालयांना पदवी गोवा विद्यापीठाचीच, फी फर्मागुडीपेक्षा जास्त आणि पुण्यापेक्षा बरीच कमी. ही मधली वाट लोक हिशेबात धरतच नाहीत, कारण ती कोणाच्याच स्वप्नात नसते. दुसऱ्या फेरीत शाखा सुधारून मिळण्याची शक्यता असते, पण त्यासाठी पहिल्या फेरीतली सीट रीतसर फी भरून धरून ठेवावी लागते. ‘नको होती म्हणून गेलोच नाही’ असं केलं तर रांगेतून नाव जातं.

ये-जा करण्याबद्दल एक इशारा. होंड्याहून उसगाव तिस्क, खांडेपार, फोंडा करत फर्मागुडी रोज शक्य आहे, सरकारी कदंब बसचा विद्यार्थी पासही स्वस्त पडतो. पण प्रॅक्टिकल उशिरा सुटलं की संध्याकाळची बस चुकते आणि पावसाळ्यात हे वरचेवर होतं. वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्या दिवशीच भरून टाका. नाव लागल्यावर नको वाटलं तर नाकारता येतं. नंतर मागायला गेलात तर खोली नसते.

प्रश्न : मुलासाठी मे महिन्यात कर्नाटकातल्या एका खासगी विद्यापीठात १,१०,००० रुपये भरून सीट अडवून ठेवली. आता त्याला पणजीच्या गोवा फार्मसी महाविद्यालयात जागा मिळतेय. खासगीवाले म्हणतात, ‘भरलेली रक्कम परत मिळत नाही, पावतीवर लिहिलंय.’ दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रंही त्यांच्याकडे आहेत.
— एक पालक, म्हापसा

उत्तर : पावतीवर काहीही छापलेलं असो, विद्यापीठ अनुदान आयोगाचं फी परताव्याचं धोरण त्याच्या वर चालतं. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेतले टप्पे असे : प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी माघार घेतली तर पूर्ण फी परत, त्यातून जास्तीत जास्त ५ टक्के आणि तेही ५,००० रुपयांच्या आत कापता येतात. शेवटच्या १५ दिवसांत ९० टक्के. अंतिम तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के. १६ ते ३० दिवसांत ५० टक्के. त्यानंतर काही नाही. आयोग काही वर्षी याहून उदार परिपत्रक काढतो. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त हजार रुपयांची कपात असं सांगितलं होतं. चालू वर्षाचं परिपत्रक शोधा आणि उदार असेल तेच पुढे करा.

तुमच्या १,१०,००० ची फोड पावतीवर पाहा. समजा ७५,००० फी, २५,००० हॉस्टेलची अनामत आणि १०,००० नोंदणी आहे. अनामत टक्केवारीत येत नाही, ती पूर्ण परत मिळायला हवी. ७५,००० वर वरचे टप्पे लागतात : वेळेत माघार घेतली तर किमान ७१,२५०, शेवटच्या पंधरवड्यात ६७,५००, त्यानंतरच्या पंधरवड्यात ६०,०००. नोंदणीच्या १०,००० वरून वाद होतो. ते निव्वळ अर्ज आणि माहितीपुस्तिकेचे असतील तर गेले म्हणा. फीमध्ये वळते केलेले असतील तर तीही फीच.

इथे लोक चूक करतात ती फोनवर बोलण्याची. माघारीची तारीख म्हणजे लेखी अर्जाची तारीख. आजच्या आज मुलाच्या नोंदणीकृत ई-मेलवरून एक छोटं पत्र पाठवा : अर्ज क्रमांक, भरलेली रक्कम आणि तारीख, प्रवेश रद्द करत असल्याचं एक वाक्य, बँक खात्याचा तपशील, मूळ प्रमाणपत्रं परत द्यावीत ही मागणी. त्याचीच प्रत स्पीड पोस्टने. ‘प्रत्यक्ष येऊन फॉर्म भरा’ असं उत्तर आलं तर जरूर जा, पण ई-मेल आधी गेलेला असू द्या. अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे परत करायचे असतात. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायचा अधिकार कोणत्याही संस्थेला नाही; पडताळून लगेच परत द्यायची असतात. पुढच्या वेळी मूळ कागद टेबलावर दाखवा, हातात देऊ नका.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर आयोगाच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार टाका, जोडीला त्या विद्यापीठाच्या विद्यार्थी लोकपालाकडे. तक्रारीत राग नको; चार तारखा आणि चार कागद पुरतात. आणि या सगळ्यात फार्मसीची फी भरायची मुदत चुकवू नका. तिकडचे पैसे आले की इकडे भरू, असं म्हणणाऱ्यांची इकडची सीट जाते.

प्रश्न : मी दाबोळीचा. बिट्स पिलानीच्या झुआरीनगर कॅम्पसला एम.एस्सी. फिजिक्सची पाच वर्षांची दुहेरी पदवी मिळतेय आणि एनआयटी गोव्यात इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स. बिट्स घराच्या दारात आहे, लहानपणापासून तिथेच जायचं होतं. बाबांचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाख. आई म्हणते, घरापासून जवळ, खर्च कमी येईल.
— एक विद्यार्थी

उत्तर : आईला सांग, जवळ असल्याचा एक रुपयाही फायदा नाही. बिट्स निवासी संस्था आहे. दाबोळीच्या मुलालाही हॉस्टेल आणि मेसचे पैसे भरावेच लागतात.

दुहेरी पदवी नीट समजून घे. पहिलं वर्ष झाल्यावर, त्या वर्षाच्या गुणांवर, एम.एस्सी.ला जोडून बी.ई.ची शाखा मिळते. ‘आत शिरू, मग कॉम्प्युटर घेऊ’ असं प्रत्येकाच्या मनात असतं, म्हणूनच कॉम्प्युटर अगदी वरचे गुण असलेल्या थोड्यांनाच मिळतं. ते हुकलं तर दुसरी शाखा, आणि फिजिक्स तर कुठेच जात नाही. क्वांटम मेकॅनिक्स, स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स हे विषय करूनच बाहेर पडायचं. फिजिक्स मनापासून आवडत असेल तर हा अभ्यासक्रम उत्तम आहे. आवडत नसेल तर पाच वर्षांची फी आणि पाच वर्षांची ओढाताण. खर्चाचा हिशेब करताना चारने नव्हे, पाचने गुण.

एनआयटीत २०१६ पासून शिकवणी शुल्क वर्षाला सव्वा लाख आहे. मात्र कुटुंबाचं उत्पन्न एक ते पाच लाखांच्या दरम्यान असेल तर त्यातलं दोन तृतीयांश माफ होतं. तुझ्या घरचं साडेचार लाख म्हणजे तुला वर्षाला ४१,७०० च्या आसपास शिकवणी शुल्क. हॉस्टेल, मेस आणि इतर शुल्क वेगळं, त्याला माफी नाही. उत्पन्नाचा दाखला चालू आर्थिक वर्षाचा लागतो आणि जागावाटपाच्या वेळी तो अपलोड केलेला नसेल तर आधी पूर्ण रक्कम भरून मग परताव्यासाठी खेटे घालावे लागतात. बाबांना पगारवाढ होऊन उत्पन्न पाच लाखांवर गेलं तर माफी त्या वर्षापासून जाईल, हे धरून चाल. बिट्समध्येही गुण आणि गरज पाहून फीमाफी मिळते, पण ती पुढे गुण टिकवण्यावर अवलंबून असते. पहिलं सेमिस्टर घसरलं की घरात कर्जाची बोलणी सुरू.

बिट्सचं खरं बलस्थान इमारती नाहीत. प्रॅक्टिस स्कूल हा तिथला अभ्यासक्रमाचाच भाग आहे. शेवटच्या टप्प्यात जवळजवळ अख्खं सेमिस्टर कंपनीत जातं आणि अनेकांना तिथूनच नोकरी लागते. हजेरीची सक्ती नाही, म्हणून स्वतःहून काम करणाऱ्या मुलाला मोकळीक मिळते आणि झोपणाऱ्याला झोप. या गोष्टींसाठी जास्त पैसे मोजावेत असं आम्हाला वाटतं, पण थेट बी.ई. कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्स मिळत असेल तर. तुझ्या उत्पन्नाच्या घरातून, मनात नसलेल्या फिजिक्ससाठी, नाही. कुंकळ्ळीला जा. एनआयटीचा कायमचा कॅम्पस तिथे झालाय, शाखा चांगली आहे, आणि उन्हाळ्यातली इंटर्नशिप दुसऱ्या वर्षापासून स्वतः शोधायला लाग. तिथे ती तुला आयती मिळणार नाही.

प्रश्न : मला केमिस्ट्रीत पुढे जायचंय. पुण्याच्या एका नावाजलेल्या स्वायत्त महाविद्यालयात बी.एस्सी.ला जायची फार इच्छा आहे. घरचे म्हणतात पेडण्याचं सरकारी महाविद्यालय आहे की.
— एक विद्यार्थिनी, तोर्से

उत्तर : पुण्यात बी.एस्सी.ची फी फारशी नसते, खर्च राहण्या-खाण्याचा असतो. खोली, मेस, लायब्ररी-अभ्यासिकेचे पैसे, प्रवास मिळून वर्षाला दीड लाख तरी धर. तेच पैसे एम.एस्सी.साठी राखून ठेवलेस तर जास्त उपयोगी पडतील. बी.एस्सी. कुठून केलीस यापेक्षा पुढे जॅम या प्रवेश परीक्षेत काय केलंस यावर आय.आय.टी.चा एम.एस्सी. प्रवेश ठरतो; केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी आहे. या परीक्षांना पेडण्याची आणि पुण्याची मुलगी एकाच बाकावर बसते. पदव्युत्तर पातळीवर गोवा सरकारची मनोहर पर्रीकर गोवा स्कॉलर्स योजनाही आहे; बी.एस्सी.साठी ती नाही.

पण घरच्यांचं ‘आहे की’ आम्हाला पुरेसं वाटत नाही. प्रवेशाआधी एकदा जा आणि केमिस्ट्री विभागात उभी राहून चार गोष्टी पाहा. कायमस्वरूपी शिक्षक किती आणि लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, किती? लेक्चर बेसिसवरचे शिक्षक वाईट शिकवतात असं नव्हे, पण दरवर्षी बदलले तर तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प कोणाकडे करायचा हा प्रश्न येतो. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात केमिस्ट्री मेजर म्हणून चौथ्या वर्षापर्यंत तिथेच घेता येते का, की तीन वर्षांवर थांबावं लागतं? मायनर म्हणून गणित किंवा फिजिक्स मिळतं का? जॅमच्या केमिस्ट्रीत फिजिकल केमिस्ट्रीचा भाग मोठा असतो आणि गणित सुटलेल्या मुली तिथे मार खातात. चौथी गोष्ट प्रयोगशाळेची : टायट्रेशनला एका ब्युरेटवर किती मुली उभ्या असतात? दोघी असतील तर ठीक. पाच असतील तर तिघी वहीत आकडे उतरवून घेतात आणि हात बसत नाही.

ही उत्तरं असमाधानकारक आली तर पर्याय लगेच पुणे नव्हे. साखळीचं आणि खांडोळ्याचं सरकारी महाविद्यालय, मिरामारचं धेंपे, मडगावचं स्वायत्त चौगुले आहे. पणजीत राहायची सोय झाली तर सुट्टीत दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत छोट्या प्रकल्पासाठी विचारता येतं. पाण्याचं रासायनिक विश्लेषण तिथे रोजचं काम आहे. अर्ज विभागप्रमुखांच्या सहीचा लागतो आणि तीन-चार महिने आधी करायचा असतो.

प्रश्न : सरकारी महाविद्यालयांत शिकवतच नाहीत, हे खरं का?
— एक पालक, डिचोली

उत्तर : काही विषय शिकवतात, काही उरकतात, खासगीतही तेच, फक्त तिथे उरकताना एसी असतो. ज्या विभागात मुलगा जाणार त्याच विभागाच्या तिसऱ्या वर्षातली दोन मुलं गाठा, कॅम्पस टूरवर फिरवणारी नव्हेत, बसस्टॉपवर उभी असलेली. मागच्या सेमिस्टरला कोणत्या विषयाचे तास बुडाले आणि ते कोणी भरून काढले, एवढंच विचारा.